शीलाची पारख

प्रस्तावना

‘माणूस हुशार आहे, पण भरवशाचा नाही’, ‘फार शिकलेला नाही, पण शब्दाला पक्का आहे’ अशी वाक्ये आपण नेहमी ऐकतो आणि बोलतोही. खोली भाड्याने देताना, उसने पैसे देताना, दुकानाच्या गल्ल्यावर कोणाला बसवताना किंवा मुलामुलींचे स्थळ पाहताना आपण समोरच्या माणसाच्या शिक्षणाइतकीच त्याच्या स्वभावाची चौकशी करतो. नीतिशास्त्र हा शब्द तुम्ही आज प्रथमच वाचत असाल; परंतु त्या शास्त्रातील एक मोठा प्रश्न तुम्ही आजवर अनेकदा हाताळला आहे. चांगला माणूस कोणाला म्हणावे, हा तो प्रश्न होय.

माणसाच्या अंगी मुरलेल्या चांगल्या वृत्तीला आपल्याकडे ‘शील’ किंवा ‘चारित्र्य’ म्हणतात. या पाठात शील म्हणजे काय, ते कसे घडते आणि त्याची पारख कशी करावी, याचा विचार आपण करणार आहोत. त्यासाठी आपण वाराणसीस, म्हणजे काशीस जाऊ. मराठी माणसाचा या नगरीशी अनेक शतकांचा संबंध आहे. लोक तेथे पुण्य जोडण्यासाठी जातात. मात्र पुण्य स्थळात असते की माणसाच्या वागण्यात, हा प्रश्नही याच नगरीशी जोडलेल्या कथांनी पुन्हा पुन्हा विचारला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला
• कृत्याचे मूल्यमापन आणि शीलाचे मूल्यमापन यांतील फरक सांगता येईल;
• नीतीच्या विचारातील विवेकाचे स्थान स्पष्ट करता येईल;
• शील सवयीने कसे घडते, हे उदाहरणांसह लिहिता येईल;
• शील आणि परिस्थिती यांच्या संबंधाविषयी स्वतःचे मत मांडता येईल.

१. तीन प्रश्न

एखादे कृत्य चांगले की वाईट, हे ठरवताना विचारवंतांनी प्रामुख्याने तीन प्रश्न विचारले आहेत.

पहिला प्रश्न : हे कृत्य नियमाला धरून आहे का? जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट (१७२४–१८०४) यांनी कर्तव्याच्या नियमाला सर्वाधिक महत्त्व दिले. दुसरा प्रश्न : या कृत्याचा परिणाम काय होईल? जेरेमी बेंथम आणि जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंतांनी अधिकांत अधिक लोकांचे सुख ही कसोटी मानली. तिसरा प्रश्न या दोहोंहून वेगळा आहे : असे कृत्य करणारा माणूस कसा आहे आणि मला कसे व्हायचे आहे? प्राचीन ग्रीसमधील ॲरिस्टॉटल (इ. स. पूर्व ३८४–३२२) यांच्या नीतिविचाराचा हा गाभा होता. मधल्या काळात पाश्चात्त्य विचारात हा प्रश्न काहीसा मागे पडला. विसाव्या शतकात एलिझाबेथ ॲन्स्कम यांच्या १९५८ मधील लेखाने आणि ॲलिस्डेअर मॅकिंटायर यांच्या १९८१ मधील ग्रंथाने तो पुन्हा चर्चेत आणला. या विचारपद्धतीला सद्गुणाधिष्ठित नीतिशास्त्र असे म्हणतात.

एक साधे उदाहरण घेऊ. रस्त्यात पडलेले पाकीट तिघांनी परत केले. एकाने पोलिसांच्या भीतीने केले, दुसऱ्याने बक्षिसाच्या आशेने केले आणि तिसऱ्याच्या मनात ते ठेवून घेण्याचा विचारच आला नाही. कृत्य एकच आणि परिणामही एकच. परंतु उद्या आपल्या घराची किल्ली आपण यांपैकी कोणाकडे सोपवू? या प्रश्नाचे उत्तर देताना आपण कृत्याची नव्हे, तर शीलाची पारख करत असतो.

२. काशीच्या दोन कथा

राजा हरिश्चंद्राची कथा तुम्हाला ठाऊक असेल. विश्वामित्रांना दिलेले वचन पाळण्यासाठी त्याने राज्य सोडले. दक्षिणेची रक्कम उभी करण्यासाठी काशीच्या बाजारात पत्नी तारामती, पुत्र रोहिदास आणि शेवटी स्वतः यांची विक्री केली. पुढे तो स्मशानात राखणदार झाला. सर्पदंशाने मरण पावलेल्या मुलाचे शव घेऊन तारामती तेथे आली, तेव्हाही धन्याचा कर घेतल्याखेरीज दहन करू देण्यास त्याने नकार दिला. वाराणसीतील एका स्मशानघाटाला आजही हरिश्चंद्र घाट असेच नाव आहे.

या कथेचा लोकमनावर खोल ठसा उमटला. महात्मा गांधींनी लहानपणी हरिश्चंद्राचे नाटक पाहिले आणि सर्वांनीच असे सत्यवादी का होऊ नये, हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून राहिला, असे त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे. नाशिक परिसराचे सुपुत्र दादासाहेब फाळके यांनी आपल्या पहिल्या चित्रपटासाठी हाच विषय निवडला. तो मूकपट ३ मे १९१३ रोजी मुंबईत लोकांसमोर आला.

दुसरी कथा पैठणच्या संत एकनाथांची. भागवताच्या अकराव्या स्कंधावरील आपली मराठी टीका त्यांनी पैठणात सुरू केली आणि १५७३ मध्ये वाराणसीत पूर्ण केली. धर्माचा विचार लोकांच्या भाषेत आणण्यास काशीच्या काही पंडितांचा आक्षेप होता आणि ग्रंथ वाचल्यावर तो मावळला, असे परंपरा सांगते. याच परंपरेतील त्यांची दुसरी कथा अधिक प्रसिद्ध आहे. काशीच्या गंगेचे पाणी कावडीने वाहून नेऊन ते रामेश्वराला घालायचे, असा संकल्प करून नाथ आणि त्यांचे सोबती निघाले. शेकडो कोसांची ही पायी यात्रा. वाटेत तापलेल्या वाळूत तहानेने तडफडणारे एक गाढव त्यांना दिसले. नाथांनी कावडीतील पाणी त्याच्या तोंडात ओतले. सोबती हळहळले, नाथांना मात्र आपले पाणी रामेश्वराला पोहोचले असेच वाटले.

या दोन कथा शेजारी ठेवल्या म्हणजे एक पेच निर्माण होतो. हरिश्चंद्राने संकल्प मोडला नाही. एकनाथांनी तो बाजूला ठेवला. केवळ नियमाची कसोटी लावली, तर एक बरोबर आणि दुसरा चूक ठरेल. मग लोकपरंपरेने दोघांनाही थोर का मानले?

दोघांच्या वर्तनात एक समान धागा आहे. दोघांनीही स्वतःची सोय पाहिली नाही. वचन मोडले असते, तर हरिश्चंद्राचा लाभ होता. त्याने ते पाळले. संकल्प पाळला असता, तर एकनाथांच्या पदरी पुण्य आणि कीर्ती पडणार होती. त्यांनी त्यांवर पाणी सोडले. ‘नियम पाळला का?’ एवढेच न विचारता ‘नियम पाळताना किंवा बाजूला ठेवताना माणूस कोणासाठी झटत होता?’ असे विचारले, म्हणजे हा पेच सुटू लागतो.

तरीही तो पूर्ण सुटत नाही. हरिश्चंद्राच्या सत्यनिष्ठेची किंमत तारामतीने आणि लहानग्या रोहिदासाने मोजली. स्वतःच्या वचनासाठी दुसऱ्याला विकण्याचा अधिकार कोणाला असू शकतो का? आजचा वाचक हा प्रश्न विचारणार आणि तो विचारलाच पाहिजे. सत्यनिष्ठा हा मोठा सद्गुण आहे. परंतु करुणा आणि न्याय यांची साथ नसेल, तर एकटा सद्गुण कठोर होऊ शकतो.

पाठगत प्रश्न १

रिकाम्या जागा भरा.
(अ) संत एकनाथांनी भागवतावरील टीका ______ येथे पूर्ण केली.
(आ) कर्तव्याच्या नियमाला सर्वाधिक महत्त्व देणारे तत्त्वज्ञ ______ हे होत.
(इ) ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट ______ साली लोकांसमोर आला.

३. विवेक : सद्गुणांचा सारथी

कोणता सद्गुण कोठे, केव्हा आणि किती, हे कोण ठरवणार? ॲरिस्टॉटल यांचे उत्तर असे की, हे व्यवहारज्ञानाने, म्हणजेच विवेकाने ठरते. त्यांच्या मते बहुतेक सद्गुण दोन टोकांच्या मध्ये असतात. भित्रेपणा हे एक टोक, अविचारी धाडस हे दुसरे, त्यांच्यामध्ये शौर्य. कंजूषपणा हे एक टोक, उधळेपणा हे दुसरे, त्यांच्यामध्ये औदार्य. मात्र हा मध्य मोजपट्टीने सापडत नाही. लखपतीने दिलेले शंभर रुपये आणि रोजंदारीवरील मजुराने दिलेले शंभर रुपये यांतील औदार्य सारखे नसते.

वाराणसीच्या जवळच सारनाथ आहे. बौद्ध परंपरेनुसार गौतम बुद्धांनी आपला पहिला उपदेश तेथे पाच सोबत्यांना केला. भोगात बुडणे आणि देहाला निष्कारण क्लेश देणे, ही दोन्ही टोके टाळणारा मध्यम मार्ग त्यांनी सांगितला. ॲरिस्टॉटल यांचा मध्य आणि बुद्धांचा मध्यम मार्ग यांचे हेतू वेगळे आहेत. ते एकच मानू नयेत. परंतु टोकाच्या वागण्यालाच मोठेपणा समजू नये, हा इशारा दोघांनीही दिला आहे. बुद्धांच्या अष्टांगिक मार्गातील सम्यक् वाचा, सम्यक् कर्मान्त आणि सम्यक् आजीविका या तीन अंगांना मिळून ‘शील’ असेच नाव आहे. योग्य बोलणे, योग्य वागणे आणि योग्य मार्गाने पोट भरणे, असा त्यांचा सरळ अर्थ. शील ही केवळ देवघरातील गोष्ट नसून ती दुकानातील, शेतातील आणि कारखान्यातीलही गोष्ट आहे, हे यावरून ध्यानात येते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही विद्येबरोबर शीलाला आपले उपास्य दैवत मानले होते. शील नसेल, तर विद्या दुसऱ्याला फसवण्याचे साधन बनू शकते, हे आपण अनुभवाने जाणतो.

४. शील कसे घडते?

पैठण पैठणीसाठी आणि बनारस शालूसाठी प्रसिद्ध आहे. या दोन्ही गावांतील कारागिराला विणकाम कसे येते? पुस्तक वाचून नव्हे, तर मागावर बसून. पहिल्या दिवशी धागा तुटतो, नक्षी चुकते. हजारो वेळा हात फिरल्यावर बोटे आपोआप योग्य जागी जातात. सद्गुणांचेही तसेच आहे, असे ॲरिस्टॉटल यांचे म्हणणे होते. खरे बोलून माणूस सत्यवादी होतो, धीर धरून धैर्यवान होतो. आधी सद्गुण येऊन मग कृती घडते असे नाही; लहान लहान कृतींतून सद्गुण अंगी बाणतो.

एकनाथांविषयी सांगितल्या जाणाऱ्या इतर कथा याच दृष्टीने वाचाव्यात. गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात रडणारे अस्पृश्य मानलेल्या कुटुंबातील मूल त्यांनी कडेवर घेतले. अंगावर वारंवार थुंकणाऱ्या माणसावर न रागावता ते पुन्हा पुन्हा नदीवर जाऊन स्नान करीत राहिले. या कथा परंपरेने आलेल्या आहेत. त्यांतील प्रत्येक तपशील इतिहास म्हणून सिद्ध करता येत नाही. परंतु त्या एकत्र वाचल्या म्हणजे परंपरेला काय सांगायचे होते, ते कळते. गाढवाला पाणी पाजण्याचा निर्णय ही त्या एका क्षणाची लहर नव्हती. रोज जो असा वागत आला, त्याला त्या क्षणी वेगळे काही सुचलेच नसते.

मग ज्याच्यावर लहानपणी चांगले संस्कार झाले नाहीत, त्याने काय करावे? प्रौढ वयात शिकणाऱ्या तुम्हा सर्वांसाठी हा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे. लहानपणीच्या सवयी बळकट असतात आणि त्या मोडणे कठीण असते, हे खरे. पण सवय हीच जर शीलाची जननी असेल, तर नवी सवय कोणत्याही वयात लावता येते, हेही तितकेच खरे. सुटलेले शिक्षण पुन्हा सुरू करून, दिवसभराच्या श्रमानंतर पुस्तक उघडणाऱ्या विद्यार्थ्याने चिकाटी या सद्गुणाचा सराव सुरू केलेलाच आहे.

काशीचे विणकर संत कबीर यांच्याविषयीची कथाही येथे आठवते. काशीत मरण आले की मोक्ष मिळतो आणि मगहर येथे मरण आले की दुर्गती होते, असा समज होता. आयुष्य काशीत घालवलेले कबीर अखेरच्या काळात मुद्दाम मगहरला गेले, असे परंपरा सांगते. आयुष्यभर धाग्याधाग्याने विणलेले वस्त्र कोणत्या गावी घडी केले, याने त्याचा पोत बदलत नाही, हा त्या जाण्याचा अर्थ लावता येईल.

५. कोणी विचारत नसताना

शीलाची खरी परीक्षा होते ती कोणी जाब विचारणारे नसताना. अठराव्या शतकातील एक उदाहरण पाहू. चौंडी (आताचा अहिल्यानगर जिल्हा) येथे १७२५ मध्ये जन्मलेल्या अहिल्याबाई होळकर यांच्यावर एकामागून एक आघात झाले. १७५४ मध्ये पती खंडेराव, १७६६ मध्ये सासरे मल्हारराव आणि १७६७ मध्ये पुत्र मालेराव यांचा मृत्यू झाला. त्यानंतर १७९५ पर्यंत त्यांनी राज्यकारभार पाहिला. काशी विश्वनाथाचे मंदिर त्यांनी १७८० च्या सुमारास पुन्हा बांधवले. देशभर घाट, विहिरी आणि धर्मशाळा उभ्या केल्या.

या कामांइतकेच त्यांमागील हिशेबाला महत्त्व आहे. होळकरांच्या राज्यात दौलतीचा पैसा आणि खासगीचा पैसा वेगळा धरला जाई. अहिल्याबाईंनी आपला दानधर्म खासगीच्या उत्पन्नातून चालवला. राज्याची सारी सूत्रे ज्यांच्या हाती होती, त्यांना दौलतीच्या तिजोरीत हात घालण्यापासून कोण अडवणार होते? तरीही पुण्यकर्मासाठीदेखील जे आपले नाही ते वापरायचे नाही, हे बंधन पाळले गेले. यालाच सचोटी म्हणतात. मंडळाचा वर्गणीचा डबा, बचत गटाची वही किंवा कार्यालयाचा कागद घरी नेण्याचा मोह, असे सचोटीचे प्रश्न आपल्याही वाट्याला येतात.

६. एक आक्षेप

शीलाच्या विचारावर एक महत्त्वाचा आक्षेप घेतला जातो. माणूस शीलामुळे चांगला वागतो की परिस्थितीमुळे? अमेरिकेत प्रिन्स्टन येथे धर्मशास्त्राच्या ४० विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग डार्ली आणि बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना भाषण देण्यासाठी दुसऱ्या इमारतीत पाठवले होते. काहींच्या भाषणाचा विषयच बायबलमधील चांगल्या शोमरोनीचा दाखला, म्हणजे वाटेत जखमी होऊन पडलेल्याला मदत करणाऱ्याची कथा, हा होता. वाटेत एक माणूस कण्हत बसलेला असेल, अशी व्यवस्था केली होती. फारशी घाई नसलेल्यांपैकी ६३ टक्के, थोडी घाई असलेल्यांपैकी ४५ टक्के आणि फार घाईत असलेल्यांपैकी केवळ १० टक्के विद्यार्थी मदतीसाठी थांबले. भाषणाचा विषय कोणता होता, याने लक्षणीय फरक पडला नाही.

हा प्रयोग आपल्याला नम्र करतो. कोणी मदत न करता पुढे गेला, तर तो दुष्टच असेल असे नाही. कदाचित तो घाईने आंधळा झाला असेल. उपाशी, थकलेल्या किंवा अन्याय सोसणाऱ्या माणसाला केवळ ‘शील सांभाळ’ असे सांगून समाजाची जबाबदारी संपत नाही. चांगले वागणे सोपे जाईल अशी परिस्थिती निर्माण करणे, हेही नीतीचेच काम आहे.

पण याच प्रयोगातून दुसरी गोष्टही दिसते. फार घाईत असूनही काही जण थांबले. चांगुलपणाची कथा माहीत असणे वेगळे आणि चांगुलपणाची सवय असणे वेगळे. कावड खांद्यावर घेतलेल्या एकनाथांनाही पुढे जायचे होते. त्यांना ते गाढव दिसले, हीच त्यांच्या शीलाची पहिली खूण होय. शील आधी डोळ्यांत असते, मग हातात येते.

पाठगत प्रश्न २

पुढील विधाने चूक की बरोबर ते लिहा.
(अ) ॲरिस्टॉटल यांच्या मते शौर्य हे भित्रेपणा आणि अविचारी धाडस यांच्यामध्ये असते.
(आ) अहिल्याबाईंनी दानधर्मासाठी दौलतीचा पैसा वापरला.
(इ) प्रिन्स्टनच्या प्रयोगात घाई वाढली तशी मदत करणाऱ्यांची संख्या वाढली.

तुम्ही काय शिकलात

• नियम आणि परिणाम यांबरोबरच कृत्य करणाऱ्याच्या शीलाचाही विचार करावा लागतो.
• सद्गुण एकेकटे पुरेसे नसतात. त्यांना विवेकाची जोड लागते.
• शील सरावाने घडते आणि हा सराव कोणत्याही वयात सुरू करता येतो.
• परिस्थिती माणसाच्या वागण्यावर प्रभाव टाकते. म्हणून इतरांची पारख करताना घाई करू नये आणि स्वतःची पारख करताना सवलत घेऊ नये.

शब्दार्थ

कर्मान्त – कृती, काम. सम्यक् – योग्य. आजीविका – उपजीविका. दौलत – येथे, राज्य. खासगी – येथे, राजघराण्याचे स्वतंत्र उत्पन्न. पोत – वस्त्राची वीण. जननी – माता.

पाठान्त प्रश्न

१. पाकीट परत करणाऱ्या तिघांच्या उदाहरणातून कोणता विचार स्पष्ट होतो? चार-पाच वाक्यांत लिहा.
२. हरिश्चंद्र आणि एकनाथ यांच्या कथांची तुलना करा.
३. ‘एकटा सद्गुण कठोर होऊ शकतो’ या विधानाविषयी तारामतीच्या भूमिकेतून दहा ओळी लिहा.
४. तुमच्या परिसरातील एखाद्या विश्वासू व्यक्तीच्या वागण्यातील दोन प्रसंग नाव न देता लिहा. त्यांतून कोणता सद्गुण दिसतो?
५. उपक्रम : अंगी बाणवावीशी वाटणारी एक लहान सवय निवडा. पंधरा दिवस रोज रात्री तिच्याविषयी एक ओळ वहीत लिहा. ही वही कोणालाही दाखवायची नाही.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) वाराणसी (आ) इमॅन्युएल कांट (इ) १९१३
२. (अ) बरोबर (आ) चूक (इ) चूक